मागच्या दाराने नोला

नोला

*मधला उंच खेळाडू बास्केटकडे पाठ करून वर येतो, चेंडू घेतो. बाजूचा त्याच्या दिशेने धावतो, चेंडू मागितल्यासारखा. त्याचा पहारेकरी मागोमाग. मग बाजूचा जागच्या जागी वळतो आणि पहारेकऱ्याच्या पाठीमागून थेट बास्केटकडे सुटतो. पुढच्या दारावर थापसुद्धा मारायची नाही.*

हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीत वॉफलच्या यंत्रापुढे रांग लागली होती आणि रांगेतलं सगळ्यांत उंच डोकं टोबिनचं होतं. नोलाने ते दारातूनच हेरलं. तिने कॉफी ओतून घेतली, गरज नसताना संत्र्याच्या रसापर्यंत एक फेरी मारली आणि चालता चालता सहज आल्यासारखी भाच्याच्या मागे उभी राहिली.

"तू वॉफल खात नाहीस, आत्या," तो मागे न बघता म्हणाला.

"आजपासून सुरू."

"कोचनी सांगितलंय, सामना संपेपर्यंत घरच्यांशी बोलायचं नाही."

"मग नको बोलूस. मी बोलते, तू नुसती मान हलव."

गेल्या एप्रिलमध्ये या मुलाने, बाप रॉइस जिथे कोच आहे त्या हॅडलीच्या संघातून आपली बॅग उचलली आणि नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या क्रॉस क्रीक कॉलेजात नाव घातलं. दूर कुठे ओरेगॉनला गेला असता तर लोकांनी समजून घेतलं असतं. हा गेला तो त्याच लीगमध्ये, त्याच आठ कॉलेजांपैकी एकात, जिथे बापाशी गाठ पडणारच. तेव्हापासून रॉइस आणि टोबिन एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. नाताळात टोबिन आईला भेटून गेला, तोही बाप सरावाला गेलाय हे बघून. हंगामात दोन्ही संघ दोनदा भिडले, पण दोन्ही वेळा टोबिनचा हात प्लास्टरमध्ये होता आणि तो साध्या कपड्यांत बाकाच्या टोकाला बसून होता. एकदा हे जिंकले, एकदा ते. त्यावरून काहीच कळलं नाही.

आज कळणार होतं. आज लीगच्या स्पर्धेची अंतिम लढत, हॅडली विरुद्ध क्रॉस क्रीक, आणि टोबिनचा हात बरा झालेला. जिंकेल तो देशाच्या स्पर्धेला जाणार, हरेल त्याचा हंगाम दुपारीच संपणार. टोबिनचं तर कॉलेजचं शेवटचं वर्ष.

नोलाला काळजी जिंकण्या-हरण्याची नव्हती. तिला काळजी नावांची होती.

हॅडलीच्या संघाच्या चाली नावांवर चालतात आणि नावं सगळी स्टॅम्परांच्या घरातली. तिचे वडील व्हर्लन तिथे कोच असताना त्यांनीच ही पद्धत पाडली. पोरं आकडे विसरतात, माणसं विसरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आर्डिथ ही त्यांची बायको. नोला ही त्यांची मुलगी, जी शाळकरी वयापासून स्वयंपाकघराच्या दाराने घरात शिरायची, आणि ती आल्याचं कुणाला कळायच्या आत बैठकीतलं सगळं तिचं ऐकून झालेलं असायचं. वडिलांनंतर शिट्टी रॉइसकडे आली, नावंही आली. टोबिन ती नावं पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेला. ते सगळं डोक्यात घेऊन तो समोरच्या बाकावर जाऊन बसला होता.

त्याने ती नावं वापरून बापाला हरवलं तर रॉइस मरेपर्यंत त्याच्याशी बोलायचा नाही. माहीत असून गप्प राहिला तर ती नव्या संघाशी बेइमानी, शिवाय रॉइसच्या नजरेतून ते सुटणार नाही. पोराने आपल्यावर दया केली हे तर त्याला त्याहूनही पचायचं नाही. काहीही झालं तरी हे दोघं एकमेकांना तोंड दाखवतील असा एकही मार्ग नोलाला दिसत नव्हता, आणि तरी तो असलाच तर कुठून असेल याची तिला चुटपुट लागली होती.

"खरं सांग," ती म्हणाली. "त्यांना सांगितलंस?"

"पहिल्याच दिवशी विचारलं त्यांनी."

"आणि?"

"म्हटलं, विसरलो."

"विसरलास!"

"आत्या, झोपेत विचारलंस तरी सांगेन. सांगितलं नाही, एवढंच. पण मैदानात बाबा नाव घेईल तेव्हा काय करू? कान काढून आईकडे ठेवायला देऊ?"

"मग करणार काय आहेस?"

टोबिनने पीठ साच्यात ओतलं, झाकण लावलं, साचा उलटा केला. "माहीत नाही," तो म्हणाला. आणि मग, खरोखरच नवल वाटल्यासारखा, "मलाही बघायचंय."

"आणि गेलास का ते? आजी म्हणते मुलीपायी. तुझी आई म्हणते, मागच्या वर्षी उपांत्य सामन्यात बाहेर बसवलं म्हणून."

"तू काय म्हणतेस?"

"मी विचारतेय."

तो पहिल्यांदाच मागे वळला. "वर्षभरात विचारणारी तू पहिली. बाकी सगळे मला सांगतात." मग आवाज खाली आणून, "आत्या, बाबाने तोंड उघडायच्या आधी मला माहीत असायचं तो काय म्हणणार. मैदानात, गाडीत, टेबलावर. त्याने मीठ मागायच्या आधी मी मीठ सरकवायचो. क्रॉस क्रीकला मला कुणाचं काही कळत नाही. पहिला महिनाभर चुकीच्या जागी उभा राहून नुसत्या धडका खाल्ल्या. इतकी मजा..."

यंत्र किंचाळलं. खोलीच्या त्या टोकाहून क्रॉस क्रीकचा नारिंगी कोट घातलेला एक माणूस त्यांच्याकडे रोखून बघत होता. टोबिनने वॉफल बशीत घेतलं, बशी आत्याच्या हातात कोंबली आणि रिकाम्या हाताने निघून गेला.

कॉरिन

*चौघांनी एका बाजूला जमायचं. पाचवा दुसऱ्या बाजूला एकटा, चेंडू त्याच्याकडे. त्याचं त्याने बघून घ्यावं.*

ही चाल रॉइसने लग्नाच्या वर्षी बायकोच्या नावाने बसवली आणि ती कौतुकाची आहे असं तो आजही समजतो.

क्रीडागृहाच्या दाराशी कॉरिन राखाडी स्वेटर घालून उभी होती. हॅडलीचा रंग हिरवा, क्रॉस क्रीकचा नारिंगी, आणि इतक्या माणसांत राखाडी ती एकटीच. नवऱ्याने आपल्या बाकामागची जागा राखून ठेवली होती, मुलाने आपल्या.

"पहिला अर्धा कुणाकडे?" सासूने विचारलं. आर्डिथच्या डोक्यावर हिरवी लोकरी टोपी होती आणि पर्समध्ये हॅम घातलेले छोटे पाव.

"टोबिनकडे. दुसरा रॉइसकडे."

"नवरा आधी भेटला होता तुला."

"पोटात टोबिनला वागवलं, आई. रॉइसला नुसतं डोक्यावर."

दारावरच्या माणसाने पर्स उघडायला सांगितली. आत डोकावल्याबरोबर त्याचं नाक हललं.

"औषधं आहेत," आर्डिथ म्हणाली.

"बाई, मोहरीचा वास येतोय."

"माझ्या वयाला अशीच औषधं लागतात. रविवारची प्रार्थना बुडवून आलेय मी. अजून पाप नको करायला लावूस." त्याने जाऊ दिलं. रविवारी सामने ठेवणाऱ्यांना आर्डिथ दरवर्षी शाप देते आणि दरवर्षी पहिल्या माणसांत आत शिरते. तिचे पाद्रीसुद्धा आत हिरवी टोपी घालून बसलेले होते.

कॉरिनने नोलाला जिन्यापाशी बाजूला ओढलं. "तुला काही बोलला?"

"टोबिन? माहीत नाही म्हणाला."

"आणि माझा नवरा तर बोलतच नाही. मी विचारलं, निदान नावं तरी बदल. म्हणाला, मार्च महिन्यात नावं बदलली तर पोरं स्वतःचंसुद्धा विसरतील. आणि आज सकाळी उठून हॉटेलच्या लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांना कोंडून घेतलं. गालिच्यावर चिकटपट्टी, वर खुर्च्या मांडलेल्या. मी दाराला कान लावला, पण गालिच्यावर पावलं वाजतच नाहीत गं."

"कुठल्या दाराला?"

"म्हणजे? पुढच्या."

"तिथेच चुकलीस," नोला म्हणाली.

आर्डिथ

*चेंडू द्या, घ्या, परत द्या. समोरच्याला कंटाळा येईपर्यंत. घाई करणाऱ्याला बाकावर बसवण्यात येईल.*

"आर्डिथ!" रॉइसने आवाज दिला, आणि बाकामागे बसलेली म्हातारी नेहमीसारखी ताठ झाली.

टोबिनवर प्रॅटर नावाच्या पोराला अडवायची जबाबदारी होती. प्रॅटर म्हणजे हॅडलीचा नेमबाज, मोकळा सापडला की संपलंच. चेंडू फिरला, फिरला, फिरला. शेवटचा पास डाव्या कोपऱ्यात जाणार हे नोलाला माहीत होतं, आर्डिथला माहीत होतं, पाद्रींनाही बहुतेक माहीत असावं. टोबिन तिथे पोचला, पण अर्धं पाऊल उशिरा. चेंडू जाळीतून खाली आला.

"पायाला काही झालंय का त्याच्या?" आर्डिथने विचारलं.

मग "नोला!" असा आवाज आला. इतक्या वर्षांनंतरही हजारो लोकांत आपलं नाव ऐकून नोलाची मान गरम होते. टोबिन प्रॅटरच्या मागे बाहेर धावला, हे नाव जन्मात ऐकलं नसल्यासारखा. प्रॅटर वळला. टोबिनही वळला. पुन्हा अर्धं पाऊल.

हिरवे लोक उठून नाचले. आर्डिथ बसून राहिली. तिने पाव काढला होता तो तसाच परत पर्समध्ये ठेवला.

"मुद्दाम करतोय तो."

"हात दुखत असेल, आई."

"हाताने पळतो का? नोला, मला शिकवू नकोस. ते अर्धं पाऊल मोजूनमापून आहे. सगळं पाऊल सोडलं असतं तर लोकांना कळलं असतं, म्हणून अर्धं." तिने पर्स मांडीवर आपटली. "आपण हरतो. तुझा बाप या स्पर्धेत दरवर्षी हरला. रॉइसही हरत आलाय. पण दान नाही केलं कधी कुणी."

तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा ती उठली, पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात टेकवला, आणि मुलाच्या बाकामागून नातवावर ओरडली, "टोबिन! जागा हो! मागून जाणार आहे तो, गाढवा!"

सगळी हिरवी रांग मागे वळली. पाद्रीही वळले. रॉइस वळला नाही. नोलाला त्याची फक्त मान दिसत होती. कॉलरच्या वरची ती पट्टी आधी लाल झाली, मग पांढरी. त्यालाही दिसलं होतं तर.

थोड्याच वेळात क्रॉस क्रीकच्या कोचने टोबिनला बाहेर बोलावलं. तो बाकाच्या टोकाला बसला. प्लास्टर असताना बसायचा तिथेच.

मध्यंतर

*(पॉपकॉर्नच्या खिडकीपाशी.)*

कॉरिन : बाहेर बसवलं त्याला. झालं समाधान?

आर्डिथ : माझं कशाला होईल? नातू आहे माझा.

कॉरिन : बापाला वाचवतोय तो.

आर्डिथ : माझ्या मुलाला वाचवायची वेळ अजून आलेली नाही. नोला, लोणी जास्त सांग.

नोला : सांगितलंय. आई, रॉइसला कळलंय. मी त्याची मान बघितली.

कॉरिन : मी तर घरी तेवढीच बघते. वर्षभर तोंड कुठे दाखवतोय?

आर्डिथ : तुझं मूल माझ्या मुलाला भीक घालतंय आणि तुला मस्करी सुचतेय.

कॉरिन : मग काय करू, आई? त्याने सगळं ओळखून बापाला उघडं पाडलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता घराशी द्रोह केला.

आर्डिथ : म्हणाले असते. आणि मग त्याला जेवायला वाढलं असतं. हे असं अर्धं पाऊल चुकणाऱ्याला मी काय वाढू?

*(पॉपकॉर्न येतं.)*

आर्डिथ : मी तिकडे बसतेय.

नोला : तिकडे म्हणजे? नारिंगी लोकांत?

आर्डिथ : पोराच्या मागे कुणीतरी ओरडणारं हवं. ही नुसती बसून देवाचं नाव घेते. कॉरिन, तू जा रॉइसकडे. ही टोपी धर.

कॉरिन : आई, मला ती...

आर्डिथ : घाल नाहीतर हातात धर. पण धर.

व्हर्लन

*पूर्ण मैदानभर अंगावर जायचं. जे करणार ते सगळ्यांना ऐकू जाऊ द्यायचं. आणि तरीही करायचं.*

रॉइस स्टॅम्पर हा ओरडणारा कोच नव्हे. नाव एकदाच घेतो, बेताच्या आवाजात, बाकी बोटांनी भागवतो. दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला क्रॉस क्रीकच्या कोचने टोबिनला परत आत घातलं, आणि त्यानंतर पहिल्यांदा तो बापाच्या बाकासमोरून धावत गेला तेव्हा रॉइस कोचच्या रेषेच्या पार टोकाला आला, दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि ओरडला,

"नोला!"

त्याच्या स्वतःच्या खेळाडूंनी दचकून त्याच्याकडे बघितलं. तो मात्र त्यांच्याकडे बघत नव्हता. तो टोबिनकडे बघत होता.

टोबिन पुन्हा अर्धं पाऊल चुकला.

"नोला!" पुढच्याच वेळी, आणखी मोठ्याने. पंच जवळ येऊन काहीतरी म्हणाला, रेषेत राहा म्हणाला असणार. रॉइस एक पाऊल मागे झाला आणि तिथून ओरडला.

टोपी मांडीवर धरून बसलेल्या कॉरिनने नोलाचं मनगट घट्ट पकडलं. "काय करतोय हा? वेडबीड लागलंय का?"

"थांब." नोला पुढे वाकली. "त्याला म्हणतोय, ऐकू येतंय तर ऐक."

वर्षभरात पहिल्यांदा बाप-लेकांनी एकमेकांकडे बघितलं. फार वेळ नाही, चेंडू बाहेरून आत यायला लागतो तेवढा. टोबिनने निकरला हात पुसले.

आणि पुढचं "नोला!" आलं तेव्हा प्रॅटर वळायच्या आत टोबिन वळला. टप्पा पडून चेंडू वर आला तो सरळ त्याच्या हातात, पत्त्यावर पाठवल्यासारखा. तो पलीकडच्या टोकाला एकटाच पळत गेला. समोर नारिंगी माणसांच्या मधोमध आर्डिथ उभी होती, दोन्ही हात वर, पर्स उघडी, पाव खाली सांडलेले.

मग त्याने हातचं काही राखलं नाही. "आर्डिथ! शेवटचा डावीकडे!" तो आपल्या सोबत्यांना सांगायचा, उघड, बापाच्या नाकासमोर. "कॉरिन! तो एकटा आहे, दोघं जा!" हॅडलीची आघाडी गेली. हिरव्या लोकांत मागे कुणीतरी "घरभेदी" म्हणालं. कॉरिनने वळून त्या माणसाकडे असं बघितलं की त्याने आपलं तोंड नाचोजच्या खोक्यात घातलं.

आता रॉइस हरणार, आणि हरवणारा कोण हे जगाला ऐकू जाणार. आणि तो तर स्वतःच ओढवून घेतल्यासारखा ओरडतोय. का? कुठल्या बाजूने विचार केला तरी नोलाला त्याचं उत्तर लागेना, आणि उत्तर न लागणं ही गोष्ट तिच्या अंगवळणी नव्हती.

हॅडलीची पोरं चिवट होती. नावं उघडी पडल्यावर ती नावांशिवाय खेळली, धक्के देत, पडत, फ्री थ्रो मिळवत. शेवटी क्रॉस क्रीक एका गुणाने पुढे, चेंडू हॅडलीकडे, आणि एक चाल होईल एवढाच वेळ. रॉइसने टाइमआउट घेतला.

(   )

*इथे अजून काही लिहिलेलं नाही.*

"फळी घेतली नाही त्याने," कॉरिन म्हणाली.

खरंच घेतली नव्हती. एरवी अशा वेळी रॉइस पांढऱ्या फळीवर बाण काढून काढून शाई संपवतो. आज तो स्टुलावर बसला, पोरांच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली, दोन शब्द बोलला. पोरांनी माना डोलावल्या. प्रॅटरने तर जांभई दिली.

मग सगळे मैदानात उतरले, आणि रॉइसने दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले.

"नोला!"

नारिंगी बाजू हसली. आता तर कालच्या पोरालाही माहीत होतं नोला म्हणजे काय. "मागचं दार!" टोबिन ओरडला. "मागचं दार बंद!"

उंच खेळाडू बास्केटकडे पाठ करून वर आला. चेंडू घेतला. प्रॅटर त्याच्या दिशेने धावला, थबकला, त्याचा खांदा वळला. टोबिन त्याच्या आधी मागे पोचला होता, हात पसरून, चेंडूच्या वाटेत.

तिथे कुणी आलंच नाही.

प्रॅटर होता तिथेच होता, पुढे. त्याने एक पाऊल टाकलं, उंच खेळाडूच्या हातातून चेंडू घेतला, टेबलावरून कुणी बशी पुढे केली की घ्यावी तसा, आणि मारला. त्याच्या आसपास कुणी नव्हतं. भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. मग जाळीत होता.

हिरवे लोक कठड्यावरून खाली सांडले. कॉरिन उठली नाही. टोपी तिच्या मुठीत चेंदामेंदा झाली होती.

"नालायक," ती हळूच म्हणाली. "पोराला आधी हाताला धरून खरं खेळायला लावलं, आणि मग त्याच खऱ्याने त्याला मारलं. आता जन्मात बोलायचा नाही तो. आणि मी तरी कशाला सांगू त्याला बोल म्हणून?"

एक गोष्ट नोलाला आतून कुरतडत होती. हे रॉइसने ठरवलं केव्हा? ओरडायला लागला त्याच्या आधी, की नंतर? सगळं त्यावर होतं. टोबिनलाही तेच विचारावंसं वाटत असेल, आणि तो विचारणार नाही, आणि वर्षाची दोन वर्षं होतील, दोनाची दहा.

ती उठली. कठड्याला दार होतं तिथे दोन पहारेकरी उभे होते, म्हणून ती बॅण्डवाल्यांच्या मागून, तुताऱ्यांच्या पेट्या ओलांडून खाली उतरली.

मैदानात दोन ओळी एकमेकांसमोरून जात होत्या, तळव्याला तळवा लावत. हॅडलीच्या ओळीत शेवटी रॉइस. क्रॉस क्रीकच्या ओळीत सगळ्यांच्या मागे टोबिन, जर्सी चेहऱ्यावर ओढून. शेवटी दोघंच उरले. रॉइसने हात पुढे केला.

टोबिनने तो घेतला नाही. नोला गुणफलकाच्या टेबलापाशी होती, तिने टेबलाची कड धरली.

"खांदा वळला होता," टोबिन म्हणाला.

रॉइसचा हात तसाच हवेत. "वळला होता."

"मी बघितलं. सगळा वळला."

"डावा पाय बघितलास?"

टोबिनने डोळे बारीक केले, जणू तो पाय अजून तिथे होता. "नाही."

"जमिनीवरून हलला नव्हता."

"हे नव्हतं आपल्याकडे. कधीच नव्हतं."

"नव्हतं."

"केव्हा बसवलंस?"

"आज सकाळी. लग्नाच्या हॉलमध्ये. तुझ्या जागी खुर्ची ठेवली होती, तीसुद्धा फसली."

टोबिन हसला नाही. "म्हणजे तू ओरडत होतास ते याच्यासाठी? की मी झोपलो होतो म्हणून?"

रॉइसने हात खाली घेतला. वरून हिरव्या कागदांचे तुकडे पडत होते, एक त्याच्या भुवईला चिकटला. नोलाला वाटलं आता तो गोड काहीतरी बोलेल आणि सगळं मातीत जाईल.

"दोन्ही," रॉइस म्हणाला. "खोटं कशाला सांगू? तू ऐकत नव्हतास तोवर ही चाल चालणारच नव्हती. आणि तू ऐकत नव्हतास ते मला बघवतही नव्हतं. त्यातलं आधी कुठलं, विचारू नकोस. मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही," टोबिन म्हणाला.

"नाही."

टोबिन त्याच्याकडे बघत राहिला. हा माणूस कुठे भेटलाय का आधी, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"दाखव," तो म्हणाला.

"काय?"

"चाल. दाखव."

"आत्ता?"

बास्केटखाली शिडी आणून ठेवली होती. जिंकलेल्यांनी एकेक दोरा कापून जाळी उतरवायची, कोचने शेवटचा. पोरं कात्री घेऊन खोळंबली होती. ध्वनिक्षेपकावर कोच स्टॅम्पर यांना शिडीपाशी येण्याची विनंती झाली. माइक हातात घेतलेली एक बाई धावत येऊ लागली आणि दोघांचे चेहरे बघून वाटेतच थांबली.

"आत्ता," टोबिन म्हणाला.

रॉइसने मधल्या उंच खेळाडूसाठी इकडेतिकडे बघितलं. सगळे शिडीपाशी होते. त्याची नजर टेबलावर आली.

"नोला. इकडे ये."

"मी?"

"इथे उभी राहा. बास्केटकडे पाठ. हात पुढे, चेंडू धरल्यासारखे. खाली, कमरेपाशी. हं."

"रॉइस, माझे चर्चचे बूट आहेत."

"उभं राहायचंय नुसतं."

ती उभी राहिली. रॉइस टाय खांद्यावर टाकून तिच्या दिशेने धावत आला, दुखरा गुडघा फेकत, तिच्यापाशी थबकला, खांदा वळवला. टोबिन तिच्या कानाशेजारून मागे सुटला.

"बघ. गेलास."

"तू पाय लपवतोयस."

"पँट आहे, निकर नाही. पुन्हा."

पुन्हा. या वेळी टोबिन गेला नाही, आणि रॉइस खरोखरच मागून निसटला, पन्नाशी उलटलेला, धापा टाकत.

"असं. थांबलास तर हे."

"आणि मी मधे राहिलो तर?"

"मधे म्हणजे कुठे?"

"इथे. हे बघ, इथे."

"ते मधे नाही, ते कुठेच नाही."

"मला वाटतं आहे."

"मग दाखव."

आवाज तिच्या पाठीमागे गेले. ध्वनिक्षेपकाने कोच स्टॅम्पर यांना पुन्हा बोलावलं, जरा नाराजीने. मागे बूट किंचाळले, कुणीतरी कुणाच्या तरी छातीवर आदळलं, एक हुंकार आला, आणि मग एक छोटा आवाज, जो हसण्याचा होता की खोकल्याचा हे नुसतं ऐकून सांगता येत नव्हतं. कुणाचा, तेही नाही. कोण पुढे होतं, कोण मागे, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर होता की नव्हता. नोलाने मान वळवायला सुरुवात केली.

"हलू नकोस!" दोघंही एकदम ओरडले.

ती थांबली. हातात नसलेला चेंडू तिने आणखी घट्ट धरला, समोरच्या रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांकडे बघत राहिली, आणि मागे पुन्हा पावलं धावली तेव्हाही तिने वळून बघितलं नाही.